अकराव्या रांगेतली शिट्टी

४ सप्टेंबर

हरलो. रग्बी हंगामाचा पहिलाच सामना, घरचं मैदान, समोर ग्लासगो — आणि आमचे पंधरा जण जेवणाची हाक आलेल्या वऱ्हाडासारखे चहूकडे पांगलेले! स्क्रम — दोन्ही बाजूंच्या गड्यांची खांदे भिडवून केलेली रेटारेटी — पाच वेळा कोसळली. प्रशिक्षक म्हणतात, गवत ओलं होतं. लिमरिकमध्ये गवत ओलं असणं हे कारण होऊ शकत नाही. ती गवताची व्याख्या आहे.

एकच गोष्ट निर्दोष झाली. ग्लासगोचा किकर पेनल्टी मारायला उभा राहिला आणि चौदा हजार माणसं गप्प झाली. माणूस शत्रुपक्षाचा असला तरी किक मारताना त्याला शांतता द्यायची, हा इथला कायदा. कुठेही लिहिलेला नाही, म्हणून अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्या रांगेत कॉर्कहून आलेला एक गृहस्थ बायकोला काहीतरी समजावत होता. मी छत्रीच्या टोकानं त्याच्या खांद्याला स्पर्श केला. "किक चालू असताना बोलत नाहीत." तो लाल झाला. पुरेसं होतं.

उजवीकडून मॉसी लिलिस पुटपुटला, "जजबाई, कोर्ट सोडून बारा वर्षं झाली. अवमानाच्या नोटिसा अजून चालूच?"

मॉसी नळकाम करतो. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसतो. ती जागा त्याला बापाकडून आली, आणि घराणेशाहीच्या बाबतीत तो कोणत्याही सरदाराहून कडवा आहे. डावीकडे सिस्टर अट्रॅक्टा, वय ब्याऐंशी, नन. रेफरीविषयी ती जे बोलली ते या वहीत लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही.

९ ऑक्टोबर

भाचीच्या — नेसाच्या — हट्टापुढे माघार घेतली. कानात यंत्र बसलं. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा : "आत्या, काल पोस्टमननं तुला तीनदा बरं आहे ना विचारलं, आणि तू त्याला मतदान केंद्राचा पत्ता सांगितलास."

दुपारी मॉसी स्वयंपाकघरातला नळ बघायला आला. तो कामात सतत शिट्टी वाजवतो हे मला ओठांवरून ठाऊक होतं; कित्येक वर्षांत आज प्रथमच ऐकू आली. किती बेसूर! यंत्राचा पहिला तोटा.

३१ ऑक्टोबर

न्यूपोर्टला हरलो. पाऊस. परतीच्या बसमध्ये सिस्टर अट्रॅक्टानं पत्त्यांत सगळ्यांना नागवलं.

२१ नोव्हेंबर

गॉलवेत जिंकलो! का जिंकलो हे दोन्ही प्रशिक्षकांना सांगता येईना.

२५ डिसेंबर

मॉसीच्या बायकोनं, फिलोनं, माझ्यासाठी लोकरीची टोपी विणली. लाल, संघाच्या रंगाची. कानांवरून पार खाली येते, घट्ट. मला ती शोभते असं म्हणणं खोटी साक्ष होईल, पण ऊब निर्विवाद आहे. टोपी घालून फाटकापर्यंत गेले तर शेजारचा कुत्रा माझ्याकडे मान वाकडी करून बघत राहिला. सौंदर्यदृष्टी असलेला प्राणी.

२६ डिसेंबर

डब्लिन! वर्षातला हा एक सामना बाकी सगळ्यांची भरपाई करतो. शेवटचं मिनिट, आमचे सोळा गुण, त्यांचे पंधरा. आणि त्यांना पेनल्टी, म्हणजे तीन गुणांची संधी — खांबांच्या जवळजवळ समोरून. किकर रूरी डेम्पसी. असली किक माझ्या नेसानंही मारली असती. सगळं मैदान गप्प. डेम्पसी धावला. चेंडू डाव्या खांबाबाहेरून गेला.

जिंकलो!

मी उठून टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, टाळ्या मीच एकटी वाजवते आहे. लोक मागे वळून आमच्या रांगेकडे बघत होते. मॉसी बुटांकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

सिस्टर अट्रॅक्टा म्हणाली, "कुणीतरी शिट्टी वाजवली ग. किकच्या ऐन वेळी."

मला ऐकू आली नाही. साहजिक आहे, माझं लक्ष चेंडूवर होतं.

२८ डिसेंबर

डब्लिनच्या वर्तमानपत्रातला मथळा : "लिमरिकची विख्यात शांतता — आता संगीतासह." हे असं जिंकण्यापेक्षा चाळीस गुणांनी हरणं परवडलं असतं. बेकरीत दोन माणसं एकमेकांची नजर टाळत पाव घेत होती.

समर्थक मंडळाचा अध्यक्ष सेनन मुलक्वीन घरी आला. तो अंत्यविधीची व्यवस्था बघतो, त्यामुळे शांततेतला तज्ज्ञ. "जजबाई, शोध घ्याच. गावाच्या तोंडाला काळं फासलंय हो कुणीतरी." मी एका अटीवर होकार दिला. जो कोणी दोषी ठरेल त्याची हंगामी तिकिटाची जागा जाईल, कायमची. वय, ओळख, पुण्याई काहीही बघितलं जाणार नाही. सेनन म्हणाला, "कुणीही असो?" मी म्हटलं, "कुणीही असो." ठराव एकमतानं झाला.

९ जानेवारी

ध्वनिमुद्रण तपासलं. म्हणजे नेसानं तपासलं. मला त्यात फक्त वारा ऐकू येतो. बारीक, लांब, चिवट शिट्टी आहे म्हणे. आसपासच्या सत्तावीस साक्षी घेतल्या. सगळे आमच्या अकराव्या रांगेकडे बोट दाखवतात. सिस्टर अट्रॅक्टा शपथेवर सांगते : आवाज तिच्या उजवीकडून आला.

सिस्टरच्या उजवीकडे मी. माझ्या उजवीकडे मॉसी. मॉसीच्या पलीकडे जिना.

म्हणजे शक्यता दोन. त्यांपैकी एक स्वतः चौकशी अधिकारी असल्यानं वगळण्यात आली. उरलेला माणूस गावभर शिट्टी वाजवत हिंडतो. माझ्या कारकिर्दीत याहून तोकड्या पुराव्यावर लोक तुरुंगात गेले आहेत — आणि ते तिथेच असायला हवे होते.

मला आनंद झालेला नाही. हेही नोंदवून ठेवते.

२० जानेवारी

मॉसीची साक्ष. मंडळाच्या खोलीत, सेनन टिपणं घेत होता.

"तू शिट्टी वाजवलीस?"

"नाही."

"ऐकलीस?"

"ऐकली की. बहिऱ्यालाही ऐकू आली असती." मग एकदम खोकला. "म्हणजे... ऐकली."

"कुणी वाजवली, ठाऊक आहे?"

"आहे."

"नाव सांग."

"नाही सांगणार, बाई."

"मॉसी, याचा अर्थ काय काढला जाईल, कळतं ना तुला?"

"तुम्ही काढाल तोच. मी कोण सांगणारा?"

सव्वीस वर्षांत हा माणूस गप्प बसलेला मी फक्त किकच्या वेळी पाहिला आहे. आज अर्धा तास हातातली टोपी फिरवत गप्प बसला. निरपराध माणूस नाव सांगतो. ते न सांगणं त्याच्या विरुद्ध जातं.

१२ फेब्रुवारी

एडिनबराविरुद्ध जिंकलो. थंडी बोचरी. चौकशी चालू असली तरी मॉसी शेजारीच बसतो. निकाल लागेपर्यंत तो त्याचा हक्क आहे. पण आता एक नवीन चाळा — कुणीही किक मारायला उभा राहिला की हात लांब करून माझी टोपी कानांवरून वर सरकवतो!

"हे काय चालवलंयस?"

"कानांना जरा हवा लागू द्या, बाई. बरं असतं."

प्रत्येक किकला. सामन्यात अकरा किका झाल्या. मी याला लाडीगोडी म्हणते. न्यायाधीशाच्या टोपीला हात घालून निकाल बदलत नसतो.

५ मार्च

फिलो खाटकाकडे भेटली. माझ्याकडे न बघता, मटणाच्या चॉपकडे बघत बोलली. "घरात शिट्टी बंद झालीय, बाई. ख्रिसमसपासून. लोकांचे बॉयलर मुक्यानं दुरुस्त करतो. तेहेतीस वर्षं मी त्याला 'गप रे' म्हणत आले. आता बसलाय गप."

मी म्हटलं, चौकशी चालू असताना मला यावर बोलता येणार नाही.

"नकाच बोलू," ती म्हणाली. "टोपी मात्र छान बसलीय तुम्हाला."

२७ मार्च

अहवाल दिला. चौदा पानं. निष्कर्ष : मॉरिस ऊर्फ मॉसी लिलिस दोषी. शिक्षा ठरावाप्रमाणे. सेनननं शेवटचं पान वाचलं आणि चष्मा पुसत राहिला. "बाई, युक्तिवादात कुठे फट नाही हो. पटत मात्र नाही."

पटणं हा पुराव्याचा प्रकार नव्हे, मी म्हटलं.

३ एप्रिल

मॉसी आला. निकालाआधी कबूल केलं होतं म्हणून बॉयलर बघितला. तासभर काम केलं, एक सूर नाही. जाताना हंगामी तिकीट टेबलावर ठेवलं. कोपरे झिजलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात — पाकीट त्याच्या वडिलांचं.

"एक सांगू, बाई? थंडी असली तरी किकच्या वेळी टोपी वर घेत जा."

ज्याचं सर्वस्व गेलं त्याला हे एवढंच सुचावं! दार लावल्यावर बराच वेळ तिथेच उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही.

२४ एप्रिल

कार्डिफला जिंकून उपान्त्य फेरीत. लोक रस्त्यावर नाचताहेत. सप्टेंबरमधल्या त्या वऱ्हाडाला एकदाची पंगत सापडली.

१५ मे

क्रमानंच लिहायला हवं.

उपान्त्य सामना, स्वान्सीशी. उजवीकडची जागा रिकामी. मंडळानं ती कुणाला दिली नव्हती, आणि सव्वीस हजार माणसांत ती एकटीच रिकामी दिसत होती. शॅनन नदीवरून वारा असा, की मे महिन्यात डिसेंबर. टोपी कानांखाली ओढली.

एकोणऐंशीव्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे. स्वान्सीला पेनल्टी. किकर उभा राहिला. मैदान गप्प.

आणि मग सगळी पश्चिम बाजू माझ्याकडे वळली.

मी उजवीकडे पाहिलं — रिकामी खुर्ची. डावीकडे पाहिलं. लाजिरवाणं आहे, पण लिहिते : त्या क्षणी मी ब्याऐंशी वर्षांच्या ननवर संशय घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. मग दोन्ही हातांनी माझी टोपी धरली आणि उपटून काढली. केसांतली पिनही सोबत गेली.

"थांबली," ती म्हणाली. "अग बाई. हे तुझ्या कानातलं यंत्र कोकलतंय!"

टोपी पुन्हा कानावर दाबून बघितली. पुढच्या तीन रांगांनी कान झाकले. टोपी काढली, त्यांनी हात खाली घेतले. मला दोन्ही वेळा फक्त वारा ऐकू आला.

स्वान्सीच्या किकरनं एवढ्या सगळ्यात चेंडू खांबांच्या मधोमध घातला. हरलो. हंगाम संपला. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

१६ मे

शक्यता दोन होत्या. मी एक वगळली.

१८ मे

सकाळी यंत्रवाल्या मुलीकडे गेले. "टोपी घट्ट बसली की आवाज उलटा फिरतो नि शिट्टी वाजते, आजी. एवढा उंच सूर तुमच्या कानांना ऐकू येत नाही. असं होतंच." तिनं काहीतरी खुपसलं, पिरगाळलं, कानातला साचा बदलला. मग मी मंडळाला पत्र दिलं : अहवाल मागे, लिलिस निर्दोष, दोषी मी, शिक्षा ठरावाप्रमाणे — कुणीही असो.

मग मॉसीच्या घरी. निवेदन लिहून नेलं होतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंतही त्यानं वाचू दिलं नाही.

"चहा टाकलाय, बाई. बसा."

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या डाव्या कानातच वाजली ना ती."

"मग बोलला का नाहीस? शपथेवर विचारलं होतं मी!"

तो कपात साखर ढवळत राहिला. "तुम्ही गावाला तीस वर्षं गप्प बसवलंत. तुम्हीच वाजलात असं मी सांगायचं? सेननसमोर? नंतर तुम्ही त्या मैदानात पाय टाकला असतात का?"

"नसता."

"मग."

फिलो ओट्याकडून ओरडली, "आणि टोपी माझी होती, तेही सांग की! म्हणे मला वाईट वाटेल!"

मी तिकीट त्याच्या टेबलावर परत ठेवलं, प्लास्टिकच्या पाकिटासकट. म्हटलं, तुझी जागा तुला. माझी गेली. मॉसी म्हणाला, "आणि शेजारी कोण, तो कॉर्कवाला?"

६ जून

डब्लिनहून पत्र. मी रूरी डेम्पसीला औपचारिक माफी लिहिली होती, दोन पानं. त्याचं उत्तर तीन ओळींचं : "बाई, कसली शिट्टी? मला काही ऐकू आलं नव्हतं. पाय घसरला. आमच्या प्रशिक्षकांना सांगू नका."

सत्तावीस साक्षी घेतल्या. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून हे सगळं, त्याला पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

पत्र घेऊन तडक मॉसीकडे गेले. तो सिंकखाली आडवा होता. तिथूनच वाचलं, तिथूनच हसला, डोकं पाइपावर आपटलं, पुन्हा हसला. मग पान्हा उचलला आणि शिट्टी वाजवू लागला.

बेसूर. मी खुर्ची ओढून शेवटपर्यंत ऐकली.