नटावरची लाल रेघ

१२ मार्च, गुरुवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघा सोडला तर माझं बरं चाललंय. तुमचा खोकला थांबला का? परवाचा डबा परत पाठवतोय. झाकण सापडत नाहीये, रागावू नका.

चिमणीचं विमान बांधून झालं. तुमची लेक म्हणजे दुसरा दादाच. एकेक स्क्रू तीनदा तपासते आणि वर मलाच विचारते, "काका, चष्मा कुठाय?" रविवारी पहिल्यांदा उडवणार म्हणते. तिला उडवू देऊ नका. हेच सांगायला लिहायला बसलो आणि झाकणाबद्दल बोलत राहिलो.

पंखाला खालून पेलणारी तिरकी दांडी असते ना, तिच्या टोकाचा नट आवळला की आम्ही नटावरून दांडीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढतो. रेघ सलग असली म्हणजे नट जागचा हललेला नाही. सोमवारी मी दोन्हीकडचे नट आवळून रेघा ओढल्या. मंगळवारी सकाळी डावीकडची रेघ तुटलेली. म्हटलं, वय झालं, चुकलं असेल. पुसून नवी ओढली. बुधवारी पुन्हा तेच. शेडला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

आज भिंग घेऊन पाहिलं. नट सैल होत नाहीये, वहिनी. कुणीतरी तो आणखी आवळतंय. रोज पाव फेरा. असंच चाललं तर आटे जातील आणि दांडी हवेत सुटेल. पाना खिळ्यावर टांगलेलाच होता, पण मूठ कोमट लागली.

दादाच्या शेवटच्या उड्डाणातही डावीच दांडी सुटली होती.

तो नट मी आवळायचा होता. दादा उजवीकडे, मी डावीकडे. डबीतला रंग वाळत आला होता, म्हणून आधी रेघ ओढून घेतली, आवळू नंतर म्हटलं. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. दादाने रेघ पाहिली. माझी रेघ म्हणजे माझा शब्द, पुन्हा तपासायची त्याला गरजच वाटली नाही. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, दोन्हीकडचं काम त्यानेच केलं. अकरा वर्षं मूग गिळून बसलोय.

सकाळीच पंख उतरवून ठेवले. चिमणी भडकली. म्हणाली, "मी काय बाबांसारखी हलगर्जी आहे?" मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पाणी मागितलं. तिने आणून दिलं. मला त्या नटाची भीती वाटते, पण तिच्या त्या वाक्याची जास्त वाटते.

म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय, पाकीट न चिकटवता. तिचे बाबा हलगर्जी नव्हते. मी होतो.

यापुढे मला भाऊजी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या नवऱ्याचा
धाकटा भाऊ