बाकीचा फोन

मंगळवार, संध्याकाळ. पोलादपूर

सरूबाईंच्या पायाचा काळा पडलेला अंगठा डोळ्यांसमोरून जात नाही. आज मुलानं त्यांना उचलूनच आमच्या दवाखान्यात आणलं. शुगर खूप वाढलेली.

"इतके दिवस का नाही आलात?" मी विचारलं.

"तुझाच फोन आला ना गो बाय, बाकी भरा म्हणून. पैसं नव्हतं. कुठल्या तोंडानं येऊ?"

फोन मीच केला होता, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डॉक्टरांनी अंगठा तपासला. मग म्हणाले, "लगेच महाडला मोठ्या दवाखान्यात न्या."

रिक्षात बसताना सरूबाईंनी बाकीपोटी माझ्या हातात नोट कोंबली. मी नको म्हटलं.

"घे. नायतर परत यायला लाज वाटंल."

घेतली. अंगठा वाचेल का? विचारायचं धाडस झालं नाही. उद्या बाकीवाल्या सगळ्यांना फोन करणार, पण तब्येत विचारायला. डॉक्टर काहीही म्हणोत.