मर्यादवेल उपटल्यावर

दि. ३ जून

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

चार दिवस ताईकडे राहून परत आलो, पण जीव थाऱ्यावर नाही. खालच्या खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून तुम्ही लॉजसमोरची वाळूची टेकडी ट्रॅक्टरने सपाट केलीत. आता भरतीची रेघ ताईच्या शिवणाच्या खोलीपासून एकोणीस मीटरवर आहे; दोनदा मोजलं. टेकडीवरची मर्यादवेल तुम्ही तण म्हणून उपटलीत. त्या मुळांनीच वाळू धरून ठेवली होती. ज्याला वेल आणि तण एकच वाटतं, त्याने ट्रॅक्टरवर बसू नये.

अमावास्येच्या उधाणाआधी ताईचं शिलाई मशीन वरच्या मजल्यावर हलवा. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू आहे.

रागवा, पण लोभ तुटू देऊ नका.
तुमचा मेहुणा

दि. ९ जून

चि. फीतबहाद्दरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. शुद्धलेखन उत्तम, नववीत शाळा सोडलेल्याच्या मानाने फारच. किनारा मोजणाऱ्या साहेबाच्या फितीचं दुसरं टोक धरतोस, म्हणून समुद्र आता तुला विचारून येणार की काय? चाळीस वर्षांत पाणी आमच्या पायरीला शिवलेलं नाही. मर्यादवेलीचं सोड, लहान तोंडी मोठा घास घेताना तू मर्यादा सांभाळ.

मशीन वर नेलं तर गिऱ्हाइकांना शिडी लावू? ते जागेवरच राहील, असं तुझ्या ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

पत्र पाठवत जा, करमणूक होते.
तुझे भावोजी

दि. २४ जून

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि. (रीत म्हणून.)

ताई पोहोचली. मशीनही आलं. ते उघडून ब्रशने वाळू काढतो आहे. आज तिसरा दिवस. उधाणाचं पाणी आत शिरलं तेव्हा तुम्ही खालच्या पाहुण्यांना सामानासकट वर नेलंत, हे ताईने सांगितलं. तिला हाक मारायची राहून गेली, हेही.

ट्रॅक्टरने वाळू परत ढकलून ढीग केलात म्हणे. तो पहिल्या वाऱ्यात तुमच्या गाद्यांवर येऊन बसेल. वेल लावा, कुंपण घाला, कुणाचा पाय पडू देऊ नका. साहेब म्हणतात, दहा-बारा वर्षं लागतील.

ताई कधी परत येणार, असं तुम्ही निरोपातून विचारलंत. मी तिला विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, आधी टेकडी परत येऊ दे.

उरला असेल तेवढा लोभ जपून वापरावा.
ताईचा भाऊ