वारा बघून मशीन

मंगळ. ९ डिसें.
परत लाईट गेली. थंडी आली की तारांची कामं काढतात. वीज बनते आमच्या उशाला आणि अंधार आमच्याच घरात. ह्यांचं श्वासाचं मशीन बंद. ऑक्सिजनचा बाटला लावला. तो संपत आला की माझाच जीव वर होतो.
रूपेशचा फोन. पोराचं एकच, घर बंद करा, बोईसरला फ्लॅटवर चला. "आये, आमच्या बिल्डिंगला जनरेटर हाय."
म्हणजे कौतुक बिल्डिंगचं नाय, जनरेटरच्या मशीनचं. मग मशीन हितं येत नाय काय?

गुरु. ११
बोईसरला दुकानात गेले. दुकानवाला बोलतो, "मौसी, घर से किसी आदमी को भेजो।" म्हटलं, आदमी खाट पे है, उसी के वास्ते चाहिए. मग जनरेटरची मशीन दाखवली. पेट्रोलवरची, दोर ओढून चालू होते. दोर जड हाय म्हणे. जन्मभर जाळी ओढली, त्याला काय सांगू. घेतली.
घरात चालवायची नाय, धुरानं माणूस मरतो, हे दोनदा बोलला. तेवढं बरं बोलला.

शुक्र. १२
नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, होडीच्या इंजिनाला लावतो तसं. अंगणात चालू केली. लगेच शेजारची जाऊ, पार्वती, कंबरेवर हात ठेवून हजर. तिचे बोंबील बांबूवर वाळत टांगलेले, धूर सरळ त्यांच्यात.
"वयनी, पेट्रोलचे बोंबील कोण खाणार? तुझा दुकानवाला?"
तोंडाला तोंड लागलं. तिचं खरं हाय, तिचं वर्ष ह्या थंडीवर चालतं. पण तिला सांगितलं नाय.

शनि. १३
मागे ठेवली तर धूर आमच्याच खिडकीत. सकाळभर चिडचिड. मग हे खाटेवरून, थांबत थांबत, "सकाळी वारा जमिनीवरचा. दुपारी दर्याचा. मशीन एका जागी कशाला?"
होडीवर तांडेल होते, सुकाणू ह्यांच्याच हातात. वारा विसरले नाय.
म्हावऱ्याची हातगाडी रिकामीच होती, तिच्यावर बांधली. सकाळी दर्याच्या अंगाला, दुपारी रस्त्याच्या. पार्वती बोंबील हुंगून गेली. बोलली नाय म्हणजे ठीक हाय.

सोम. १५
लाईट गेली. चालवली. रूपेशला फोनवर आवाज ऐकवला. तर तो बोलतो, एखाद दिवस दोर ओढवला नाय तर काय, रविवारी गाडी घेऊन येतो, बाबांना नेतो. नेतो म्हणे. टोपलीतलं म्हावरं हाय काय.

रवि. २१
आला दुपारचा. बापाच्या गोळ्या पिशवीत भरायला लागला. मी काढून ठेवल्या. तसा उठला आणि मेनचा खटका खाली केला.
"दाखव."
बापाचा श्वास बंद करून माझी परीक्षा. ह्यांना बाटला लावला, बाहेर आले. ह्यांनी खिडकीतून बोट केलं, रस्त्याकडं. हातगाडी ढकलली. दोर ओढला. नाय. परत. नाय. रूपेश पुढं आला, दे म्हणाला.
"हात लावू नको."
परत ओढला. मग मशीननं धरलं. पलीकडं पार्वती बोंबील उलटता उलटता हसली.
ह्यांचं मशीन चालू हाय. रूपेश ओट्यावर बसलाय, गाडीची चावी फिरवतोय. चहा दिला, प्यायला.
मेन अजून खालीच. लाईट असून पेट्रोल जळतंय. जळू दे. ज्यानं खाली केला त्यानं वर करावा. मी उठणार नाय.