चादरीतली वाळू

धाकटे,
थोरलीचा आशीर्वाद घे. मी बरी आहे, गुडघे सोडून.

बेटावरच्या या लॉजवर पाहुणे उन्हाळ्याची सुट्टी घालवायला येतात. शांत किनारा हवा म्हणे. दिवसभर वाळूत लोळतात आणि तीच वाळू अंथरुणात आणतात. रोज चाळीस चादरी झटकते मी. समुद्र खिडकीतून दिसतो, पाय भिजवायला सवड नाही.

माझी नात तुझ्याकडे जेवते ना नीट?

"परत यायची घाई करू नकोस, माझे डोळे ठीक आहेत," असं कळवलंस. मग पत्र शेजारणीच्या अक्षरात कसं गं? मला काय खुळी समजलीस?

मालकीण म्हणाली, "आजी, अजून महिनाभर राहा." म्हटलं, "मग चादरी तू झटक."

शनिवारच्या बोटीने येते. सोमवारी तुला डॉक्टरकडे नेणार, रडलीस तरी.

आणि शेजारणीबाई, 'रडलीस तरी' गाळू नका, मोठ्याने वाचा.

तुझी दमलेली,
थोरली