शाकारणीची किल्ली

चौक,
२८ मे १९७४

चि. सौ. मैनास अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही दोघे बरे आहोत. तुझी दोन्ही पत्रे पोचली. बाळंतपणाला कधी येऊ, असे विचारलेस. उत्तराला उशीर झाला खरा. तुझ्या आईचा गुडघा आता ठीक आहे. आंबा यंदा कमी.

रविवारी सकाळी इथल्या शाळेच्या पडवीत पनवेलचे हारून वकील बसतात. भाडेकरूंना त्यांचे हक्क समजावून सांगतात, फुकट. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला पितात. समोरचा अडखळला तरी मध्ये तोडत नाहीत, थांबतात. एवढ्या धीराने ऐकणारा माणूस मी देवळातही पाहिला नाही.

मी तिथे का गेलो, ते आता लिहितोच. दरसाल पावसाआधी येसाजी घराची शाकारणी करतो, म्हणजे आपली कौले चाळून घेतो. तेवढ्यापुरते आपण सामान देवळाच्या ओसरीवर नेतो आणि तो घरमालक म्हणून किल्ली त्याच्याकडे देतो. यंदाही दिली. कौले झाली, किल्ली आली नाही. "घाई काय हाय," म्हणाला. मग कळले, आपली खोली त्याने एका ढाबेवाल्याला भाड्याने द्यायची कबूल केली आहे.

मैना, तेव्हापासून आम्ही ओसरीवरच राहत होतो. तुला काय कळवणार? इतकी वर्षे भजनात येसाजी माझ्या शेजारी बसतो. त्याच्याकडे मागायला जीभ उचलेना.

वकिलांकडे तुझ्या आईनेच नेले. म्हणाली, "साहेब, यांला देवाजवळ मागता येतं, येसाजीजवळ नाय."

वकील हसले. "काका, किल्ली कशासाठी दिलीत?"

"कौलांसाठी."

"मग घर सोडलं असं होत नाही. तुम्हाला काढायचं तर त्यांना कोर्टाचा हुकूम आणावा लागेल. मी नोटीस लिहून देतो. पण मित्र आहे ना? आधी तोंडानं मागा. नोटीस गेली की मैत्री परत आणायला माझ्याकडे कायदा नाही."

काल सकाळी येसाजीच्या अंगणात गेलो. म्हटले, "येसाजी, माझी किल्ली दे."

"कुणी शिकवलं रं तुला?"

"हारून वकिलांनी."

"किती घेतलं?"

"काय नाय."

"शब्द दिलाय रं मी त्या माणसाला."

"माझी मैना येणार हाय बाळंतपणाला. तिला ओसरीवर निजवू?"

तो आत गेला. किल्ली आणली, पण हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. मी उचलली.

संध्याकाळी सोमवारच्या भजनाला तो आला नाही. मी शेजारची जागा कुणाला दिली नाही. येत्या सोमवारीही देणार नाही.

काल रात्री देव देव्हाऱ्यात बसवले आणि आज हे पत्र लिहायला घेतले. जावईबापूंना नमस्कार सांग. आता विचारू नकोस, ये.

आपल्या घरातून,
तुझे बाबा