आवाज न येणारा पंखा

२ मार्च, संध्याकाळी ७

नवी रोजनिशी. नवे संकल्प. एक, रोज लिहायचं. दोन, हिच्या कामात लुडबुड करायची नाही. तीन, खोटं बोलायचं नाही.

तिसऱ्याबद्दल थोडा खुलासा. आज हिच्यासाठी लॅपटॉप आणला. बायको अडतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाली आणि आता अंधांसाठीच्या ग्रंथालयाचं काम मिळवलंय तिने. घरी बसून पुस्तकं वाचायची आणि रेकॉर्ड करून पाठवायची. पहिलंच पुस्तक सव्वातीनशे पानांचं. पगार नाही, पण हिचा चेहरा बघावा. नोकरीचा पहिला दिवस असल्यासारखी घरभर फिरतेय.

मला सतरा वेळा बजावलं होतं की बिनपंख्याचाच आणा. माइक नाजूक आहे, पंखा फिरला की आवाजात उतरतो.

दुकानातल्या चष्मेवाल्या मुलीने दोन समोर ठेवले. दोन्ही पाटीसारखे पातळ. एकात पंखा, एकात नाही. म्हणाली, काका, नुसता आवाज रेकॉर्ड करायचा तर काम हलकं आहे, बिनपंख्याचा कोमटसुद्धा होणार नाही. पंखा हवा तो दिवसभर व्हिडिओ कापणाऱ्यांना. मी नुसता हसलो. एकतीस वर्षं कारखान्याच्या ब्लोअर खात्यात, अजस्र पंख्यांमध्ये काढलेल्या माणसाला ही पोरगी वाऱ्याचं शास्त्र शिकवणार! ‘वारा नाही तर यंत्र नाही’ ही पाटी खात्यात मीच लावली होती. तिला अर्धा तास समजावलं. मग पंख्याचा घेतला.

घरी आल्या आल्या हिने विचारलं, पंखा नाही ना? मी म्हणालो, नाही.

हे खोटं नव्हे. दुकानात यंत्राला कान लावून ऐकलं, काहीही आलं नाही. ज्याचा आवाज येत नाही तो पंखा, हिच्या कामापुरता, नसल्यातच जमा.

४ मार्च, सकाळी १०.१०, रेकॉर्डिंग चालू

अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ झालाय. भिंतींना गाद्या, खिडकीला रजया, दार पातळ प्लायवूडचं. आत ही, बाहेर पॅसेजमध्ये टेबल टाकून मी. माझी ड्यूटी: बेल वाजू द्यायची नाही, फोन वाजू द्यायचा नाही, नळ सोडायचा नाही. वेळ जावा म्हणून ही रोजनिशी.

ही म्हणते, लिहिताना तुम्ही पुटपुटता, तेवढं जपा. हिचं काहीतरीच. मी ओठ मिटून लिहितो. ही तर असंही म्हणते की ब्लोअरपाशी उभं राहून माझे कान गेलेत. कान शाबूत आहेत. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

हिचं वाचन मात्र दाराबाहेर नीट ऐकू येतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आहे तो. छान वाचते. तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं.

७ मार्च, दुपारी

ग्रंथालयातल्या आवाज तपासणाऱ्या बाईंचा मेल. वाचन उत्तम, उच्चार नितळ. पण चारही प्रकरणांत साधारण आठव्या मिनिटापासून मागे सूं असा आवाज येतो. घरात काही चालू असतं का?

आठवं मिनिट. बंद खोली, चहूकडे गाद्या. यंत्र तापायला एवढा वेळ लागणारच, मग पंखा सुरू. अगदी बरोबर बसतंय. क्षणभर यंत्राचं कौतुकच वाटलं.

ही म्हणाली, लॅपटॉपला तर पंखा नाही, मग काय असेल? मी म्हणालो, फ्रीज. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

८ मार्च

फ्रीज बंद ठेवून दोन प्रकरणं. दूध नासलं. सूं कायम.

मग मी वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या शिलाई मशीनवर संशय घेतला. तावातावाने वर गेलो. दाराला कुलूप. समोरचे म्हणाले, बाई पंधरा दिवसांपासून लेकीकडे गेल्यात. खाली येऊन हिला सांगितलं, चांगलं खडसावून आलोय, आता यायचा नाही आवाज.

हिला वाईट वाटलं. त्यांचं पोट त्या मशीनवर आहे, इतकं तोडून बोलायला नको होतं, मी जाऊन माफी मागून येते म्हणाली. तिला थोपवण्यात सगळी संध्याकाळ गेली.

एका नसलेल्या पंख्यापायी एक नसलेलं भांडण. उद्या खरं सांगायचं. नक्की.

१० मार्च, सकाळी १०.४०, रेकॉर्डिंग चालू

काल सांगणार होतो. पण काल ही आनंदात होती, कशाला विरजण घालायचं? आज सांगणार होतो. पण आज चहा घेताना हीच म्हणाली, मला कळलं तो आवाज कसला ते. मी कप खाली ठेवला.

म्हणाली, माझ्या श्वासाचा आहे.

हिच्या आईला दमा होता. शेवटची दोन वर्षं त्यांच्या छातीतून असाच आवाज यायचा, आणि ही त्यांच्या शेजारी पडून तो ऐकत असायची. आता हिला वाटतंय, आठ मिनिटं वाचलं की आपल्याला धाप लागते आणि आपल्यालाच कळत नाही. छातीच्या डॉक्टरांची अठरा तारखेची वेळ घेतलीये. त्यांनी तसं सांगितलं तर ग्रंथालयाला कळवणार की मला जमणार नाही.

मी म्हणालो, काही नसतं गं तसं. एवढंच.

लाज वाटते. लिहितानाही वाटते. आत ही वाचतेय आणि दर वाक्याला थांबून श्वास मोजतेय. पण आत्ता सांगणं क्रूरपणाचं होईल, तिला धक्का बसेल. आधी आवाज बंद करू, मग सावकाश सांगू. आणि आवाज बंदच झाला तर सांगायला उरतं तरी काय?

११ मार्च

लॅपटॉपच्या पोटाखाली वारा घ्यायच्या फटी असतात. तिथे पुठ्ठा लावला, वर चिकटपट्टी. हिला सांगितलं, टेबलावरून घसरू नये म्हणून. ब्लोअरचं तोंड बंद केलं म्हणून एका फिटरला मी मेमो दिला होता. त्याची आज आठवण आली.

अडतिसाव्या मिनिटाला यंत्र तापून बंद पडलं. अख्खं प्रकरण गेलं. ही बाहेर आली, घसा बसलेला. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, यंत्राला काय बोल लावायचा, तुम्ही एवढं पारखून आणलंत, मीच त्याला जास्त राबवते.

उद्या काहीही करून सोक्षमोक्ष.

१२ मार्च, सकाळी ११.२०, रेकॉर्डिंग चालू

ही भाजी आणायला गेली तेवढ्यात लॅपटॉप उघडला. दहा बारीक स्क्रू. पंखा दिसला. रुपयाएवढा, पण काय पाती होती! सलाम करून त्याची वायर काढली.

आता हा बिनपंख्याचा लॅपटॉप आहे. म्हणजे २ मार्चला मी जे बोललो ते आता खरं आहे. थोडं आधी बोललो, इतकंच.

सुरू केल्यावर पडद्यावर ठळक अक्षरं आली की पंखा सापडत नाही. ही दारातच उभी. मी पडद्यासमोर आडवा झालो आणि म्हणालो, आधी गरम पाणी पिऊन ये, घशाला बरं. ती गेली. बटण दाबून अक्षरं घालवली. आज ती काळजी केल्याबद्दल दोनदा थँक्यू म्हणाली.

आत वाचन चाललंय. आज सूं नसणार. पंखा मी काढलाय, हिला माहीत नाही, आणि आता कळायचं कारणही नाही. एक ओझं उतरलं.

संध्याकाळी ६

पंधरा मिनिटांनी यंत्र गोगलगाय झालं. आवाज तुटक तुटक. हिने चांगला निघालेला तुकडा तेवढा पाठवला आणि बराच वेळ खुर्चीत डोळे मिटून बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, श्वासाचा व्यायाम करतेय.

१३ मार्च

दुकानात गेलो. एका मित्राची अडचण म्हणून विचारलं. चष्मेवाली म्हणाली, काका, पंखा काढला म्हणून यंत्र बिनपंख्याचं होत नाही. त्याची चिपच मुळात कमी वीज खाणारी असते आणि उष्णता सगळ्या अंगावर पसरवायची सोय आधीपासून केलेली असते. पंख्याच्या यंत्राला तसं अंगच नसतं.

बदलून मिळेल का विचारलं. तिने उलटा करून पाहिला. स्क्रूंवर ओरखडे. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुमच्या मित्राला सांगा, उघडलेलं परत घेत नाही.

परत येऊन पंख्याची वायर जोडली. उद्या सांगतोच. आता पळवाटही उरली नाही.

१५ मार्च

सांगायची तयारी केली होती. पण हीच आज गप्प. बाईंचा काहीतरी मेल आलाय, दुपारभर हेडफोन लावून ऐकत बसली होती. चहाच्या वेळी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मी म्हणालो, दूध संपलंय. जेवताना पुन्हा विचारलं. मी म्हणालो, नळ गळतोय.

तिच्या मनात दवाखान्याची भीती असणार. अशा वेळी आणखी भर नको. अठरा तारीख होऊन जाऊ दे.

१६ मार्च

तिसऱ्यांदा विचारलं. पुस्तक मिटून, चष्मा काढून, समोर बसून. मी म्हणालो, नाही गं, काही नाही.

१७ मार्च, दुपारी ४

हिने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, आवाज पूर्ण मोठा केला आणि बटण दाबलं.

आधी हिचं वाचन. त्यामागे एक पुरुष. स्पष्ट, खणखणीत. बारा मार्च, सकाळी अकरा वीस, रेकॉर्डिंग चालू. ही भाजी आणायला गेली तेवढ्यात लॅपटॉप उघडला.

मग बाईंचा मेल वाचायला दिला. सूं आवाज लॅपटॉपच्या पंख्याचा आहे, श्वासाचा मुळीच नाही, तो आम्ही गाळून टाकू, तुम्ही अजिबात घाबरू नका. पण बारा तारखेच्या तुकड्यात पंखा नाही आणि त्यामुळे मागचं सगळं ऐकू येतं. कुणी गृहस्थ आधी तारीख सांगतात आणि मग बरंच काही बोलतात. आधीची प्रकरणं गाळून पाहिली, त्यातही ते आहेत. हा पुस्तकाचाच भाग आहे का? नसल्यास सगळं पुन्हा वाचावं लागेल, कारण पंखा निघतो, माणूस निघत नाही.

म्हणजे इतके दिवस तो पंखाच मला झाकत होता, आणि मी त्याचा गळा दाबत होतो.

मी म्हणालो, चुकलं. ही म्हणाली, ऐकलंय, दहा तारखेला लाज वाटते म्हणालात तेही ऐकलंय. मग म्हणाली, पंख्याचं काही नाही हो, अगदी पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर हसले असते. पण रोज आत बसून मला आई आठवत होती. तिच्यासारखंच होणार म्हणून मी एक एक श्वास मोजत होते. आणि तुम्ही तीन हातांवर बसून ते लिहून काढत होतात.

मी रोजनिशी मिटून तिच्यासमोर ठेवली.

मग ही उठली. माइकची लांब वायर दाराखालून बाहेर घेतली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. सूं बाहेर, माइक आत. पाच मिनिटांचं काम. ब्लोअर नेहमी खोलीबाहेर बसवावा, हे मी एकतीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आलोय.

१८ मार्च

छातीच्या डॉक्टरांची वेळ हिने पंधरालाच रद्द केली होती. त्याच दवाखान्यात, त्याच वेळेला, कानाच्या डॉक्टरांकडे माझं नाव घातलं होतं.

बारीक, वरच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांना जवळजवळ येत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून? ही म्हणाली, घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त यांच्या कानावर गेलं नव्हतं.

१९ मार्च, सकाळी १०.१५, रेकॉर्डिंग चालू

प्रकरण पहिलं, पुन्हा. सगळी प्रकरणं पुन्हा. माझ्यामुळे.

लॅपटॉप माझ्यासमोर आहे. पंखा सुरू झाला असेल. हात लावला की वारा लागतो, आवाज येत नाही. हिचा येतोय. आज कुठेही अडखळत नाही, श्वास मोजत नाही. ऐकताना भरून येतं. छान वाचतेस, हे आज जेवताना सांगायचंच. उद्या नाही, आज.

नवा संकल्प एकच: ओठ घट्ट मिटून लिहायचं. ठरलंय असं की आवाज गेला तर ही आतून दारावर दोनदा टकटक करणार. पण आता तशी वेळ येणार नाही. हे सगळं मी मनातल्या मनात लिहि

टकटक झाली.